बुधवारचा दात

मी दात बनवते. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी तोंड मिटतो, मग हळूच विचारतो, "म्हणजे डॉक्टर का?" डॉक्टर कुठली! डॉक्टर तोंडात हात घालतात. आम्हाला तोंड दिसतही नाही. आमच्याकडे येतो तोंडाचा साचा आणि सोबत एक चिठ्ठी. वय काय, कुठला दात, रंगाचा नंबर कितवा. त्यावरून चिनीमातीचे थर चढवायचे, भट्टीत भाजायचे, घासूनपुसून दात डबीत घालायचा आणि पाठवून द्यायचा. बसला तर आमची आठवण कुणाला येत नाही. नाही बसला, किंवा रंग चुकला, तर परत येतो. अठरा वर्षं झाली, पण परत आलेली डबी उघडताना अजून माझे कान गरम होतात.

कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन भट्ट्या, नऊ टेबलं आणि उत्तरेकडची एक मोठी खिडकी. रंग जुळवायचा तो त्या खिडकीशीच, दिवसाउजेडी. दिव्याखाली जुळवलेला रंग फसवतो. मालकिणीला आम्ही मोठ्या बाई म्हणतो. उंचीने त्या आमच्यात सगळ्यांत लहान आहेत, पण हे त्यांच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर दाढोबा बसतो. तो दाढा करण्यात पटाईत, पुढचा दात हातात घेतला की त्याला घाम फुटतो. त्याला घरी दीड वर्षाची जुळी आहेत, त्यामुळे तो कामावर बहुतेक वेळा शर्टाची बटणं एक घर चुकवूनच येतो.

तर एका सोमवारी सकाळी मोठ्या बाईंनी सगळ्यांना भट्टीजवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "या आठवड्यापासून चारच दिवस काम. प्रत्येकाला एक दिवस सुट्टी, वेगवेगळ्या दिवशी. पगार तोच."

दाढोबाने विचारलं, "बाई, तब्येत बरी आहे ना?"

"माझी उत्तम आहे. तुमची बघा," बाई म्हणाल्या. मागच्या वर्षी दोन चांगले हात पोरांपायी काम सोडून गेले होते. तिसरं कुणी जायच्या आत काहीतरी करून बघू, एवढंच त्यांनी सांगितलं. बारा आठवडे करून बघायचं. अट एकच. मागच्या तीन महिन्यांत चौदा दात परत आले होते. या तीन महिन्यांत चौदापेक्षा एक जरी जास्त झाला, तर पुन्हा पाच दिवस, आणि मग हा विषय काढायचा नाही. दाराजवळ एक फळा लावला आणि त्यावर बाईंनी स्वतःच्या हाताने शून्य काढलं.

खरं सांगते, सगळ्यांत जास्त कुरकूर मी केली. पगार तोच आणि दिवस कमी, म्हणजे यात काहीतरी गोम असणार, असं मी तीन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले. चार दिवसांत पाच दिवसांची हमाली करून घ्यायचा हा डाव आहे, अशी माझी पक्की खात्री होती. आणि गंमत म्हणजे तसं झालंच नाही. पाचव्या दिवसाचं काम गेलं कुठे, याचं मलाच कोडं पडलं. मग मी शोधायला लागले. दुपारी भट्टी तापेपर्यंत आम्ही तिच्याकडे बघत बसायचो, त्यात तो होता. दर शुक्रवारी बाईंच्या खोलीत तासभर बसून जे ठरायचं ते फळ्यावर दोन ओळींत लिहून भागत होतं, त्यात होता. शुक्रवारी डोळे थकल्यावर केलेला थर शनिवार-रविवार उलटल्यावर सोमवारी खरवडून पुन्हा चढवायचो, त्यात तर होताच होता. इतकी वर्षं एक अख्खा दिवस आम्ही असा चिमूट चिमूट सांडत होतो.

मला बुधवार मिळाला आणि दाढोबाला सोमवार. आमची जोडी. सोमवारी त्याच्या दाढा मी बघायच्या, बुधवारी माझे पुढचे दात त्याने. पहिल्या बुधवारी त्याने मला अकरा वेळा फोन केला.

आता बुधवारी करायचं काय? हसू नका, मला खरंच कळेना. नवरा बस चालवतो, त्याची सुट्टी फिरती. घरात मी एकटी. सकाळी मुलीला शाळेत सोडलं, घरी आले, कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं, पुन्हा आवरलं. दोन वाजता मला एकदम सुचलं की मुलीला शाळेतून आणायला आपणच जावं. रोज शेजारच्या मावशी तिला आणतात आणि मी येईपर्यंत सांभाळतात. त्यांना सांगितलं, आज मी जाते. त्या म्हणाल्या, "फाटक माहीत आहे ना? सकाळचं नाही, मागचं." मला माहीत नव्हतं.

माझ्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती चालताना निम्मा रस्ता गोल फिरत कापते. साडेसात वर्षांची आहे. मागच्या फाटकातून ती फिरत फिरत बाहेर आली, मावशींना शोधायला लागली, आणि तिला मी दिसले. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ती जागच्या जागी थांबली.

"कोण आजारी आहे?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं."

"मग बाबा?"

"बाबा बस चालवतोय. मी तुला न्यायला आले. सहज."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बाईंकडे बघितलं होतं. पगार तोच आणि दिवस कमी. यात काहीतरी गोम आहे. आई दुपारी शाळेच्या फाटकाशी दिसली म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलं, एवढंच माझ्या मुलीला माहीत होतं. आणि तिचं काही चुकलं नव्हतं. त्याआधी दुपारची मी शाळेत एकदाच गेले होते, पुढच्या दाराने, तिला ताप भरला तेव्हा.

शाळेपासून घर दहा मिनिटांवर आहे. सकाळी मी तिला सात मिनिटांत पोचवते, हाताला धरून, जवळजवळ ओढत. दुपारी त्याच रस्त्याला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. कारण भिंगरीचा रस्ता वेगळा आहे. कुलूपवाल्याच्या दुकानाशी थांबायचं, तो किल्ली कापताना उडणारा कीस बघायचा. गटाराच्या जाळीत डोकवायचं, कालचं पान अजून तिथेच आहे का. पोस्टाच्या पायऱ्या उजव्या पायाने चढायच्या आणि डाव्या पायाने उतरायच्या. मी दोनदा म्हणाले, "चल की गं लवकर." तिसऱ्यांदा म्हणणार, तर माझ्या लक्षात आलं की लवकर पोचून मला काहीही करायचं नाहीये. घरी कपाटसुद्धा आवरलेलं होतं.

मग मीही जाळीत डोकावले. पान होतं.

तिसऱ्या बुधवारपासून तिने माझ्यासाठी प्रश्न साठवायला सुरुवात केली. वहीच्या मागच्या पानावर लिहून आणायची. मावशींना विचारलं तर त्या "आईला विचार" म्हणतात, आणि आई संध्याकाळी "उद्या सांगते" म्हणते, असं तिने मला तोंडावर सांगितलं. खोटं काय होतं त्यात? प्रश्न मात्र एकाहून एक. ढग पडत का नाहीत? कुलूपवाल्याकडे सगळ्यांच्या घराच्या किल्ल्या असतात तर तो चोर का होत नाही? गोगलगाईला दात असतात का?

"गोगलगाईला कुठले दात!" मी तोऱ्यात म्हणाले. दातांच्या बाबतीत मला कोण शिकवणार?

"बघूया," ती म्हणाली. आम्ही वाचनालयात गेलो. कोपऱ्यातल्या पुस्तकात निघालं की गोगलगाईला हजारो दात असतात, जिभेवर, रांगांनी, आणि झिजले की नवे येतात. मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगितलं तर दाढोबाने हात जोडले. "बरं झालं ती आपली गिऱ्हाईक नाही," तो म्हणाला, "पुढचे दात तर मला एक करताना नाकी नऊ येतात."

अशाच एका बुधवारी मी तिला विचारलं, "तुझे आतापर्यंत दात किती पडले गं?" मला तीन माहीत होते, कारण मावशींनी दोन एका डबीत घालून दिले होते आणि एक हरवल्याचं सांगितलं होतं. पण कसे पडले ते मला ठाऊक नव्हतं. भिंगरीने अगदी साग्रसंगीत सांगितलं. पहिला खालचा, वाळूत खेळताना, सापडलाच नाही. दुसरा सफरचंदात, तो तिने सफरचंदाचं बी समजून थुंकला आणि मावशींनी उचलून ठेवला. तिसरा वरचा, तो गणिताच्या तासाला कंटाळा आला म्हणून जिभेने ढकलून ढकलून पाडला आणि वर्गाच्या बाईंनी तिला टाळ्या मिळवून दिल्या. अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या, आणि मला हे पाच महिन्यांनी कळत होतं.

"चौथा हलायला लागला की तुला सांगेन," ती म्हणाली. "पण तो बुधवारीच पडला पाहिजे."

"दात काय वार बघून पडतात होय?"

"मी पाडेन ना," ती म्हणाली.

आणि मला तो दात पडताना बघायचा होता. मनापासून. लोकांना हसू येईल, पण दिवसभर दातांत बोटं घालणाऱ्या बाईने आपल्या पोटच्या पोरीचा एकही दात पडताना बघितलेला नाही, याची मला लाज वाटायला लागली होती. बुधवार हातचा जाऊ नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून काम करत होते. सगळेच करत होते. फळ्यावर तिसऱ्या आठवड्यात चार, सहाव्यात सात, नवव्यात अकरा.

दहाव्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी निघता निघता एक साचा आला. अकरा वर्षांची मुलगी, सायकलवरून पडली, वरचा पुढचा दात निम्मा तुटलेला. त्याला टोपी करायची. चिठ्ठीवर रंगाचा नंबर तीन. आता आमच्या नंबरात एक म्हणजे पांढराशुभ्र, आणि पुढे जावं तसा पिवळेपणा वाढत जातो. अकरा वर्षांच्या पोरीला तीन? मी म्हटलं, डॉक्टरांनी दिव्याखाली रंग घेतला असणार. पोरांचे दात कसे असतात ते मला कुणी सांगायला नको, घरात एक नमुना रोज माझ्यासमोर हसतो! शंका आली तर डॉक्टरांना फोन करायचा, हा आमच्याकडे नियम आहे. मी केला नाही. गुरुवारी एक नंबरची माती घेतली, सुंदर दात केला, स्वतःवरच खूश झाले आणि शुक्रवारी पाठवून दिला.

अकराव्या आठवड्यात सोमवार-मंगळवारी तीन दात परत आले. तीन! एक दाढोबाचा, दोन दुसऱ्या टेबलांवरचे. फळ्यावर चौदा. मंगळवारी दुपारी सगळ्यांनी फळ्याकडे बघत डबा खाल्ला. आता दीड आठवडा उरला होता आणि एकही चूक चालणार नव्हती.

बुधवारी भिंगरी फाटकातून धावतच आली. "हलतोय! चौथा हलतोय!" आम्ही पोस्टाजवळच्या बाकावर बसलो. स्वच्छ ऊन पडलं होतं. तिने हनुवटी वर केली आणि आ वासला. वरचा दुधाचा दात बोटाने हलवून दाखवला, पुढे-मागे, पुढे-मागे. मी बघत होते, आणि माझी नजर शेजारच्या दातावर गेली. गणिताच्या तासाला पाडलेल्या दाताच्या जागी नवा आला होता, निम्माअधिक. मोठा, करवतीसारखी कड असलेला, आणि पिवळट.

"काय गं हे?" मी खेकसले. "नीट घासत नाहीस ना? बघ कसा पिवळा पडलाय!"

तिने तोंड खाडकन मिटलं. डोळ्यांत पाणी आलं. "घासते मी! मावशींना विचार. नवा दात असाच असतो. आमच्या वर्गात सगळ्यांचे असेच आहेत. दुधाचे पांढरे असतात आणि खरे असे असतात. सगळ्यांना माहीत आहे."

शिकत असताना पुस्तकात वाचलं होतं हे कधीतरी, एका ओळीत. पण आमच्याकडे येतात ते बहुतेक म्हाताऱ्यांचे दात. मुलांचा साचा वर्षातून एखादा. आणि घरातला जो नमुना बघून मी शहाणपण केलं होतं, तो दुधाच्या दातांचा होता. नवा दात कधी आला ते मी बघितलंच नव्हतं. सकाळी घाई, संध्याकाळी दिव्याचा उजेड.

"चुकलं माझं," मी तिला म्हणाले. "पुन्हा आ कर बरं."

"तू मला बघायला येतेस की माझे दात?" तिने विचारलं.

"तुला. पण आत्ता जरा दात."

ऊन होतं तोवर मी तो नवा दात बघून घेतला. तीन नंबर. डॉक्टरांचं अगदी बरोबर होतं. आणि त्या अकरा वर्षांच्या पोरीला मी भिंतीला चुना लावावा तसला दात पाठवून दिला होता. तिच्या इतर दातांत तो लांबूनही दिसला असता. ती पुढची कित्येक वर्षं तोंडावर हात ठेवून हसली असती.

संध्याकाळी मी दाढोबाला फोन केला. मागे जुळी एका सुरात किंचाळत होती. मी सगळं सांगितलं.

"गप्प बस," तो म्हणाला. "डॉक्टर बसवतील, पोरगी खूश होईल. पांढरा दात कुणाला नको असतो? परत आला तर आला. बारा आठवडे संपल्यावर येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर उत्तमच!" मग तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, मी सोमवारी काय करतो माहितीये? काही नाही. दोघांना घेऊन जमिनीवर पडून राहतो. दीड वर्ष मला त्या दोघांतला कोण कोण ते कळत नव्हतं. खरंच सांगतो, बायकोला विचारून हाक मारायचो. आता पाठमोरं पाहिलं तरी कळतं. त्यातला एकजण खांदा वर करून रांगायचा, आता चालतोही तसाच. हे घालवू नकोस. माझं नाही, तुझंही घालवू नकोस."

"मी काय मजेने सांगतेय का?" मी त्याच्यावरच ओरडले.

"मग सांगूच नकोस!" तोही ओरडला, आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात बसून राहिले. भिंगरी आरशासमोर उभी राहून दात हलवत होती. मध्येच तिने तो नवा दात बोटाने घासला, वास घेतला, पुन्हा घासला. पिवळा म्हटलं होतं ना मी. एकदाच म्हटलं होतं, चुकलं असंही म्हटलं होतं, तरी तिचं बोट तिथेच जात होतं. तिथेच माझं ठरलं. पण ठरलं म्हणून बरं वाटलं असं मुळीच नाही. मला बुधवार हवा होता. इतका हवा होता की डोळ्यांना धार लागली.

गुरुवारी सकाळी मी बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला.

"डॉक्टरांनी तक्रार केली?"

"नाही."

"दात बसवला?"

"उद्या बसवणार आहेत. चिठ्ठीवर तारीख आहे."

"मग तुला कसं कळलं?"

"मुलीच्या तोंडात बघितलं. काल. उन्हात."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, दात परत मागवला आणि त्या मुलीला चार दिवसांनी बोलवायला सांगितलं. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "मागच्या वर्षी असे किती गेले असतील?"

"कसले?"

"चुकलेले, पण परत न आलेले."

"काय माहीत बाई. तेव्हा बघत कोण होतं?"

"हं," त्या म्हणाल्या. बाहेर आल्या आणि फळ्यावर चौदा पुसून पंधरा लिहिलं. सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. "ठरलं ते ठरलं," बाई म्हणाल्या. "बाराव्या आठवड्यानंतर पाच दिवस." दाढोबाने माझ्याकडे बघितलंही नाही. मी खिडकीशी जाऊन बसले आणि तीन नंबरची माती भिजवली. असा दात मी आयुष्यात केला नव्हता. कडेला करवतीचे बारीक दाते काढले, टोकाला जरा निळसर झाक ठेवली, जशी भिंगरीच्या दाताला आहे. दुपारी दाढोबा मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "दात चांगला झालाय," आणि आपल्या जागेवर गेला. बोलला तेवढंच, पण बोलला.

मग शेवटचा बुधवार आला. मी भिंगरीला बाकावर बसवून सांगितलं की पुढच्या बुधवारपासून पुन्हा मावशी येतील.

"का?"

"मी एक दात चुकीचा केला आणि ते बाईंना सांगितलं."

"नसतं सांगितलं तर?"

"तर बुधवार राहिला असता."

"आणि ज्याचा दात होता त्याचं?"

"ज्याचा नाही, जिचा. तिला चुकीचा दात मिळाला असता."

भिंगरीने पाय हलवत विचार केला. तिने मला शहाणी म्हटलं नाही, की जवळ घेतलं नाही. एवढंच विचारलं, "म्हणजे आज शेवटचा?"

"हो गं."

"मग आजच पाडावा लागेल," ती म्हणाली, आणि बोटं तोंडात घातली.

दात अजून तितका सैल नव्हता. मी म्हटलं, राहू दे, दुखेल. ती ऐकेना. तिने तो पिरगाळला, डोळे मिटले, पुन्हा पिरगाळला. हिरडीतून रक्ताचा ठिपका आला. "आई, तू बघतेयस ना?" ती तोंडात बोटं असतानाच म्हणाली. "बघतेय," मी म्हटलं. तेवढ्यात पिशवीत फोन वाजायला लागला. बाहेर काढला तर मोठ्या बाई. अठरा वर्षांत त्यांचा फोन मी एकदाही चुकवलेला नाही, तापात फणफणतानाही नाही. तो वाजत होता, भिंगरी दात ओढत होती. मी फोन उलटा करून बाकावर ठेवला. तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. पुन्हा थांबला.

"आला!" भिंगरी किंचाळली आणि दात माझ्या तळहातावर टाकला.

मी हजारो दात हातात घेतले आहेत. सगळे थंड असतात. हा गरम होता. एवढासा, ओला, गरम. मी मूठ मिटली आणि मला तिथेच, भर रस्त्यात, रडू फुटलं. भिंगरी रुमाल तोंडात दाबून खुशीत पाय आपटत होती. "तुझ्यासमोर पडला! तुझ्यासमोर पडला!" ती सांगत होती, जसं काही मी तिथे नव्हतेच.

फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला.

"किती वेळ फोन करतेय मी!" बाई कडाडल्या. "उचलत का नाहीस?"

"बाई, दात पडत होता."

"कुणाचा?"

"माझ्या मुलीचा."

पलीकडे चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"तू बघितलास पडताना?" बाईंनी विचारलं. आवाज बदलला होता.

"हो."

"मला मुलगा आहे. चाळिशीचा झाला," त्या म्हणाल्या. "मी एकही नाही बघितला." मग त्या खाकरल्या आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागल्या. "आठवडाभर मी जुन्या चिठ्ठ्या काढून बसलेय. मागचे चौदा म्हणजे फक्त जे परत आले ते. किती चुकले होते, ते कुणी बघितलंच नाही. त्या चौदाशी मी तुमचे पंधरा कसे ताडून बघू? फळा पुसलाय मी."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पुढच्या बुधवारी मी फोन केला तरी उचलू नकोस," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

भिंगरीने रुमाल काढून मोकळ्या झालेल्या जागेतून जीभ बाहेर काढून बघितली. "कोण होतं?" तिने विचारलं. "मोठ्या बाई," मी म्हटलं आणि तिला जवळ ओढली.